गुरूवरचा एक किलो गूळ हातात कसा द्यावा

गणपतीत मांडवाच्या एका कोपऱ्यात विज्ञानाचं काही मांडायचं ठरलं की इंदूरच्या कुठल्याही मराठी मंडळात एक सूचना हमखास येते: "ग्रहांवर तुमचं वजन किती, तो तक्ता लावू या." काट्यावर उभं राहा, गुणाकार करा, चिठ्ठी घ्या. लोक चिठ्ठी वाचतात, हसतात आणि प्रसादाच्या रांगेकडे वळतात. 60 किलोच्या काकूंना मंगळावर तुम्ही 22 किलो 800 ग्रॅम भराल असं सांगून काय कळणार? स्वतःला उचलून कोणी बघितलेलं नसतं. वजन कळतं ते हाताला. म्हणून तक्ता सोडा आणि पिशव्या करा. इथला एक किलो गूळ त्या त्या ग्रहावर हाताला जेवढा जड लागेल, तेवढ्याच वजनाची एकेक पिशवी.

कापड जाड आणि आरपार न दिसणारं घ्या. एमटी क्लॉथ मार्केटात कटपीस मिळतात. पिशव्या सगळ्या एकाच मापाच्या, साधारण दीड लिटर मावेल एवढ्या शिवून घ्या. डबे, बरण्या वापरू नका. चंद्राच्या पिशवीचं एकूण वजन 166 ग्रॅम हवं, आणि या मापाच्या पुष्कळ बरण्या रिकाम्याच एवढ्याला जातात.

आता आकडे. पृथ्वी 1000 ग्रॅम, चंद्र 166, नेपच्यून 1120, गुरू 2360. बुध आणि मंगळ दोन्ही 380 च्या आसपास, आणि हे दोघं शेजारी ठेवायलाच हवेत. मंगळाचं वस्तुमान बुधाच्या जवळजवळ दुप्पट आहे, पण बुध लहान आणि घट्ट आहे, पोटात लोखंडाचा भलामोठा गाभा. पृष्ठभाग केंद्राच्या जवळ, म्हणून ओढ तेवढीच. "मोठा ग्रह म्हणजे जास्त वजन" असं मुलांना सांगत फिरणाऱ्या प्रत्येकाच्या हातात या दोन पिशव्या द्याव्यात. ओढ वस्तुमानाबरोबर वाढते, पण त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. एवढं एक वाक्य पाटीवर पुरे.

शुक्र 905, शनी 915, युरेनस 890. हा फरक कुठल्याही हाताला कळत नाही. तीन पिशव्या शिवत बसू नका, एकावरच तिन्ही नावं लिहा.

खरी गोम शनीत आहे आणि तिनं मला बराच काळ छळलं आहे. एका तक्त्यात शनीवर वजन पृथ्वीपेक्षा थोडं जास्त, 1.06 पट, दुसऱ्यात थोडं कमी, 0.92 पट. गुरूचंही तसंच, कुठे 2.53 तर कुठे 2.36. लोक यातला एक तक्ता "चुकीचा" ठरवून मोकळे होतात. त्याहून वाईट म्हणजे गुरू एका तक्त्यातून उचलतात, शनी दुसऱ्यातून.

दोन्ही आकडे बरोबर आहेत, हिशोब वेगळे आहेत. शनीचं वस्तुमान पृथ्वीच्या 95 पट. विषुववृत्तावरची त्रिज्या साडेनऊ पटीच्या जवळ, तिचा वर्ग 89 च्या आसपास. भागाकार करा, 1.06 येतो. हा झाला नुसत्या ओढीचा आकडा. पण शनी साडेदहा तासांत स्वतःभोवती एक फेरी मारतो, तीही एवढं अवाढव्य अंग घेऊन. विषुववृत्तावर या फिरण्यामुळे ओढीचा बराच भाग खर्ची पडतो आणि हाताला लागणारं वजन 0.92 वर येतं. याच फिरण्यानं ग्रह चेपलाय: विषुववृत्तावरचा व्यास सुमारे 1,20,500 किलोमीटर, ध्रुवांमधला 1,08,700. ध्रुवावर फिरण्याचा काही परिणाम नाही आणि केंद्रही जवळ, त्यामुळे तिथे हाच गूळ एक किलोपेक्षा चांगलाच जड लागेल.

माझं मत ठाम आहे: फिरणं धरलेला आकडा घ्या, सगळ्या ग्रहांना तोच हिशोब लावा आणि पाटीवर "विषुववृत्तावर" हा शब्द लिहा. हाताला वजन दाखवायचं तर हाताला लागेल तेच दाखवायला हवं. शिवाय गुरू, शनी, युरेनस, नेपच्यून यांना उभं राहायला जमीनच नाही. ढगांच्या ज्या पातळीवर दाब पृथ्वीवरच्या हवेएवढा असतो, तिला पृष्ठभाग धरून हे आकडे काढतात. "गुरूवर उभे राहिलात तर" असं पाटीवर लिहिणाऱ्याच्या हातून खडू काढून घ्या.

भरणं सोपं आहे. तळाशी वाळू, वर थर्माकोलचे दाणे, सगळ्या पिशव्या सारख्याच फुगल्या पाहिजेत. पिशव्या लहानमोठ्या झाल्या की डोळा आधीच उत्तर सांगतो आणि हात फसतो. दाण्यांऐवजी सियागंजातून परमल, म्हणजे चुरमुरे, आणलेत तर एका दिवसाच्या प्रदर्शनाला चालेल. दहा दिवस ठेवलंत तर भाद्रपदाच्या दमट हवेत ते सादळतं आणि मुंग्या लागतात त्या वेगळ्या. वाळू आधी कढईत कोरडी भाजून घ्या. वजन कापड, दोरी, दाणे सगळं धरून करायचं.

मांडताना पृथ्वीची पिशवी आधी हातात द्या, लगेच गुरूची, मग चंद्राची. चंद्राला हात झटकन वर जातो. मग कोणीतरी म्हणणारच, "भिया, फिर तो चाँद पे ही चलते हैं, वजन कम हो जाएगा." त्यासाठी टेबलावर दोन पारड्यांचा जुना तराजू ठेवा. एकीकडे गूळ, दुसरीकडे एक किलोचं माप. हा तराजू चंद्रावर नेला तरी काटा मधोमधच राहील, कारण दोन्ही पारडी सारखीच हलकी होतात. स्प्रिंगचा काटा मात्र 166 दाखवेल. गुळाचा एक कणही कमी झालेला नसतो, आणि माणसाचंही तसंच.

सूर्याबद्दल विचारतातच. तिथे 28 पट, म्हणजे आपला एक किलो 28 किलोचा. ती पिशवी करू नका, पाटीवर आकडा लिहा. मांडवात पैज लावून उचलणारे पुष्कळ असतात आणि कंबर धरून बसलेल्या माणसाला घरी पोचवायचं काम शेवटी स्टॉलवाल्याकडेच येतं.