दोन कंपन्यांची ऑप्टिकल उपकरणं जुळत नाहीत? या चुका टाळा

एका टोकाला एका कंपनीचा राउटर, दुसऱ्या टोकाला दुसऱ्या कंपनीचा. दोन्हींच्या माहितीपत्रकावर ४००झेडआर हे ४०० गिगाबिटच्या ऑप्टिकल लिंकचं मानक लिहिलेलं आहे. फायबर स्वच्छ आहे आणि दोन्हीकडे प्रकाशही मोजता येतो, तरी लिंक वर येत नाही. मग दोन्ही कंपन्यांचे सपोर्ट विभाग आळीपाळीने कळवतात की आमच्या बाजूने सगळं ठीक आहे. खरं म्हणजे दोघंही बरोबर असू शकतात. मानक पाळूनही दोन उपकरणं न जुळण्याच्या जागा ठरलेल्या आहेत आणि त्या माहीत असल्या तर बरेच दिवस वाचतात.

मानकाचं नाव पुरेसं आहे असं मानणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही आहे. ती समजण्यासाठी थोडं मागे जावं लागतं. १०० गिगाबिटचं कोहेरंट तंत्र (प्रकाशलहरीची फेजही वापरून माहिती पाठवण्याचं) आलं तेव्हा ओआयएफ या उद्योगसंस्थेने २००९ मध्ये त्याचा आराखडा प्रसिद्ध केला. प्रकाशाच्या दोन ध्रुवीकरणांवर क्यूपीएसके मॉड्युलेशन (फेज चार अवस्थांत बदलून माहिती भरण्याची पद्धत) वापरायचं, यावर उद्योग एकत्र आला. त्यामुळे लेझर, मॉड्युलेटर, रिसीव्हर असे सुटे भाग सगळ्यांना स्वस्तात मिळू लागले. पण चुका दुरुस्त करणारं कोडिंग, म्हणजे एफईसी, प्रत्येक कंपनीने आपापलं ठेवलं, कारण जास्त अंतर गाठण्याची चढाओढ तिथेच होती. परिणामी मॉड्युलेशन एक असूनही दोन्ही टोकांना एकाच कंपनीचं उपकरण लावावं लागायचं.

ही कोंडी मोठ्या प्रमाणावर फुटली ती ४००झेडआरने. ओआयएफने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या या करारात मॉड्युलेशन, बॉड दर (सेकंदाला जाणाऱ्या चिन्हांची संख्या), फ्रेम (माहितीची ठरलेली चौकट) आणि एफईसी हे सगळं एकत्र बांधलेलं आहे. मात्र त्यासाठी व्याप्ती मुद्दाम लहान ठेवली: फक्त ४०० गिगाबिट इथरनेट आणि अँप्लिफायर लावलेल्या फायबरवर १२० किलोमीटरपर्यंतचं अंतर. यापेक्षा लांब जाण्यासाठी ओपनझेडआर-प्लस नावाचा वेगळा करार झाला, त्यात १००, २०० आणि ३०० गिगाबिटचे दरही आले. ओपनरोडमचा गट आणखी निराळा. दूरसंचार कंपन्यांची गरज धरून तो ओटीएन या दूरसंचार जाळ्यांच्या मानकातली फ्रेमही सांभाळतो.

नावं इतकी जवळची असल्यामुळे झेडआर आणि झेडआर-प्लस आपोआप जुळतील असं वाटतं. ते जुळत नाहीत. झेडआरमध्ये सी-एफईसी नावाचं कोडिंग आहे आणि बॉड दर सुमारे ५९.८४ गिगाबॉड. झेडआर-प्लसच्या ४०० गिगाबिटमध्ये ओ-एफईसी हे वेगळं कोडिंग आहे आणि दर सुमारे ६०.१४. फरक दिसायला किरकोळ, पण रिसीव्हर त्या सिग्नलवर लॉकच होत नाही. प्रकाश येतोय पण फ्रेम सापडत नाही, असं लक्षण दिसलं की सर्वात आधी मोड तपासा, म्हणजे झेडआर चालू आहे की झेडआर-प्लस ते पाहा. आजची बरीच मॉड्यूल्स (पोर्टमध्ये बसणारी ऑप्टिकल उपकरणं) दोन्ही मोड चालवतात. म्हणून "तुमचं मॉड्यूल कोणतं" असं न विचारता "आत्ता ते कोणत्या मोडमध्ये चालू आहे" असं विचारा, आणि उत्तर दोन्ही टोकांकडून घ्या.

एफईसीची सेटिंग उपकरणावर सोडणं

हाच गोंधळ साध्या, कोहेरंट नसलेल्या १०० गिगाबिट लिंकवरही होतो आणि तिथे तो जास्त वेळा होतो. १००जी एलआर४ या प्रकारच्या मॉड्यूलला एफईसी लागत नाही. एसआर४ आणि सीडब्ल्यूडीएम४ या प्रकारांना आरएस-एफईसी हे कोडिंग लागतं. एका लॅम्ब्डावर (तरंगलांबीवर) चालणाऱ्या क्यूएसएफपी२८ डीआर आणि एफआर मॉड्यूलमध्ये एफईसी मॉड्यूलच्या पोटातच असतं, म्हणून स्विचच्या पोर्टवरचं एफईसी बंद ठेवावं लागतं. उपकरण मॉड्यूलचा प्रकार ओळखून हे बहुधा स्वतःच ठरवतं. पण मॉड्यूल दुसऱ्या कंपनीचं असेल आणि ओळख पटली नाही, तर ते आपल्या मूळ सेटिंगवर थांबतं. दोन्हीकडे प्रकाश उत्तम, तरी पोर्ट डाऊन. अशा वेळी फायबर पुसत बसण्याआधी दोन्ही पोर्टवर एफईसी हाताने सारखं करून पाहा. एका मिनिटाचं काम आहे.

चॅनलचा नंबर सांगणं, फ्रिक्वेन्सी न सांगणं

एकाच फायबरवर वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सींचे अनेक चॅनल चालतात. "चॅनल ३१ वर लावा" हे वाक्य दोन कंपन्यांत दोन अर्थांनी वाचलं जाऊ शकतं. एका रूढ पद्धतीत ३१ म्हणजे १९३.१ टेराहर्ट्झ. दुसरीकडे चॅनल पट्ट्याच्या एका टोकापासून १, २, ३ असे मोजतात, आणि तेही कधी १०० तर कधी ५० गिगाहर्ट्झच्या टप्प्याने. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संस्थेच्या जी.६९४.१ मानकाने १९३.१ टेराहर्ट्झ हा आधारबिंदू ठरवून दिलेला आहे, तेव्हा प्रत्येक कागदावर, प्रत्येक ईमेलमध्ये टेराहर्ट्झच लिहा.

यात एक फसवी गोष्ट आहे. फ्रिक्वेन्सी चुकली तरी "प्रकाश नाही" असा अलार्म येईलच असं नाही, कारण शेजारच्या चॅनलचा आणि अँप्लिफायरच्या गोंगाटाचा प्रकाशही रिसीव्हरवर पडत असतो. कोहेरंट मॉड्यूल एकूण पॉवर आणि हव्या असलेल्या सिग्नलची पॉवर असे दोन आकडे वेगळे देऊ शकतं. दोन्ही वाचा. एकूण पॉवर भरपूर आणि सिग्नलची पॉवर जवळपास नाहीच, असं दिसलं तर घोळ बहुधा फ्रिक्वेन्सीत किंवा फिल्टरमध्ये आहे.

फिल्टरचा विषय निघालाच आहे तर जुन्या मक्सचंही (अनेक चॅनल एका फायबरवर एकत्र करणाऱ्या उपकरणाचंही) सांगायला हवं. सुमारे ६० गिगाबॉडचा सिग्नल ५० गिगाहर्ट्झच्या चॅनलमध्ये मावत नाही. त्याला ७५ किंवा १०० गिगाहर्ट्झ लागतात. आधीपासून बसवलेल्या ५० गिगाहर्ट्झच्या मक्सवर नवीन मॉड्यूल लावून आठवडाभर सेटिंग बदलत राहणारी माणसं पाहिली की वाईट वाटतं, कारण तिथे सेटिंगने काहीच होणार नसतं.

पॉवरबद्दल लाइन सिस्टिमवाल्यांशी न बोलणं

४००झेडआर मॉड्यूलची प्रक्षेपित पॉवर कमी असते, किमान उणे १० डीबीएम (एक मिलिवॉटच्या तुलनेत मोजलेली पॉवर). जुनी लाइन सिस्टिम (दोन टोकांमधली फायबर, मक्स आणि अँप्लिफायरची यंत्रणा) शून्य डीबीएमच्या आसपासचे ट्रान्सपॉन्डर (सिग्नल पाठवणारी-घेणारी उपकरणं) गृहीत धरून उभी केलेली असेल, तर नवा चॅनल शेजाऱ्यांपेक्षा कितीतरी दुबळा पडतो. मक्सचा आणि रोडमचा (चॅनल वाटेत वळवणाऱ्या उपकरणाचा) लॉस त्यावर वेगळा. प्रवर्धनानंतर त्याचा ओएसएनआर (सिग्नल आणि गोंगाट यांचं गुणोत्तर) घसरतो, आणि ४००झेडआरला रिसीव्हरपाशी २६ डीबी ओएसएनआर हवा असतो. उपाय दोनच: लाइन सिस्टिमच्या बाजूने त्या चॅनलची पातळी जुळवून घेणं, किंवा जास्त पॉवरचं मॉड्यूल घेणं. दोन्हींसाठी लाइन सिस्टिम सांभाळणाऱ्यांना खरेदीच्या आधी बोलवायला हवं. बहुतेक ठिकाणी त्यांना लिंक बंद पडल्यावर पहिला फोन जातो.

मॉड्यूल आणि पोर्ट यांचं नातं विसरणं

मॉड्यूलशी बोलण्याची भाषा म्हणजे सीएमआयएस. तिची जबाबदारी आता ओआयएफकडे आहे. मॉड्यूल आपल्याला जमणाऱ्या सगळ्या कामांची यादी पुढे ठेवतं आणि त्यातलं एक होस्टने (मॉड्यूल ज्यात बसतं त्या राउटर किंवा स्विचने) निवडायचं असतं. काही होस्ट काहीच न निवडता यादीतलं पहिलं घेतात. दोन टोकांच्या मॉड्यूल्सच्या यादीत पहिलं काम वेगळं असलं की झालंच.

दुसरी अडचण विजेची. ४०० गिगाबिटचं कोहेरंट मॉड्यूल बहुधा १५ वॉट किंवा त्याहून जास्त खातं. पोर्टला तेवढी मुभा नसेल तर होस्ट त्याला कमी पॉवरच्या अवस्थेतच ठेवतो. तेव्हा मॉड्यूल दिसतं, अनुक्रमांक वाचता येतो, लेझर मात्र लागत नाही. हे बिघाड वाटतं, म्हणून मॉड्यूल बदलून मागवलं जातं आणि नवीनही तसंच वागतं. आधी मॉड्यूलची अवस्था वाचा, मग पोर्टची वीजमर्यादा.

कनेक्टरबद्दल थोडक्यात: हिरवा एपीसी (तिरकस टोकाचा) आणि निळा यूपीसी (सरळ टोकाचा) एकमेकांत घालू नका, आणि एमपीओ केबलची (एकाच कनेक्टरमध्ये अनेक फायबर असलेल्या) पोलॅरिटी, म्हणजे फायबरांचा क्रम, ए, बी की सी हे मागणीपत्रातच लिहा.

यँग मॉडेल आहे म्हणजे नियंत्रण जमेल असं समजणं

ओपनकॉन्फिग आणि ओपनरोडम दोन्ही यँग या उपकरणांची सेटिंग मांडण्याच्या भाषेतच लिहिलेली मॉडेल्स आहेत, पण त्यांची रचना वेगळी आहे. ओपनकॉन्फिगमध्ये ट्रान्सपॉन्डरचा ऑपरेशनल मोड नुसता एक आकडा असतो आणि त्या आकड्याचा अर्थ उपकरण बनवणारी कंपनी ठरवते. एका कंपनीचा मोड क्रमांक दुसऱ्या कंपनीच्या उपकरणावर टाकून चालत नाही. तेव्हा प्रत्येक क्रमांकामागचं मॉड्युलेशन, बॉड दर आणि एफईसी यांचा तक्ता कंपनीकडून आधीच मागून घ्या.

लिंक वर आली की काम संपलं असं मानणं

एफईसीचा स्वभाव असा की मर्यादेपर्यंत तो सगळं झाकतो आणि मर्यादा ओलांडली की लिंक एकदम कोसळते. सी-एफईसीची ही मर्यादा दुरुस्तीपूर्व त्रुटिदराच्या १.२५ टक्क्यांपाशी आहे. दुरुस्तीनंतरच्या चुका शून्य दिसतात म्हणून निश्चिंत राहू नका. दुरुस्तीपूर्व दर दोन्ही टोकांना काही दिवस नोंदवा आणि सरासरीसोबत त्या काळातला सर्वात वाईट आकडाही ठेवा. दोन कंपन्यांचे आकडे ताडून पाहताना तो दर किती वेळाच्या खिडकीतला आहे तेही विचारा. ते वेगळं असेल तर तुलना फोल ठरते.

प्रात्यक्षिक पाहून खरेदी करणं

ओआयएफ ओएफसी आणि ईसीओसी या परिषदांमध्ये अनेक कंपन्यांची उपकरणं एकत्र जोडून दाखवते. हे काम मोलाचं आहे, कारण मानकाच्या मजकुरातल्या संदिग्ध जागा तिथे प्रतिस्पर्धी कंपन्यांच्या अभियंत्यांना शेजारी बसून सोडवाव्या लागतात. पण तिथे चाललेली जोडी ठरावीक फर्मवेअरवर चाललेली असते. तुमच्या खरेदी करारात "मानकाशी सुसंगत" एवढं लिहून भागणार नाही. मानकाची आवृत्ती, मोड, फर्मवेअर आणि कोणत्या दुसऱ्या उपकरणासोबत चाचणी झाली, हे सगळं लिहा. जोडी बिघडली तर दोन्ही कंपन्यांनी एकाच तक्रारीवर एकत्र काम करायचं, हे कलमही घाला.

चाचणीत सापडलेली विसंगती दोन कंपन्यांनी आपसात पॅच काढून मिटवली की ती तिथेच पुरली जाते आणि तिसऱ्या कंपनीच्या ग्राहकाला पुन्हा भेटते. तुमची कंपनी ओआयएफची सदस्य असेल तर ती थेट कार्यगटाकडे पाठवा, नसेल तर पुरवठादाराला पाठवायला लावा. सोबत दोन्ही मॉड्यूल्सचे फर्मवेअर क्रमांक, निवडलेला मोड, दोन्ही टोकांच्या नोंदी आणि मानकातला ज्या वाक्याचा दोघांनी वेगळा अर्थ लावला तो परिच्छेद जोडा. पुढच्या आवृत्तीत ते वाक्य बदलायला तेवढं पुरतं.