कच्चा आठवडा, पक्का आठवडा

२०२५ च्या जूनमध्ये मिलान येथील एका फॅशन शोमध्ये कोल्हापुरी चपलेसारखे पायताण झळकले, त्यावरून देशभर वाद झाला, आणि कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतील आमच्या दोन खोल्यांच्या घरातून चालणाऱ्या माझ्या लहानशा व्यवसायाकडे एकाएकी ऑर्डरींचा ओघ सुरू झाला. मी चपला बनवत नाही. सुभाषनगरातील कारागिरांकडून घेते आणि एका विक्री पोर्टलवरून विकते. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात ६४ ऑर्डरी आल्या. त्या रविवारी रात्री मी वहीत लिहिले: ‘६४ जोड, प्रत्येकी ९५०, विक्री ६०,८००. खरेदी ५२० प्रमाणे वजा जाता नफा २७,५२०.’ सोमवारी सकाळी मी भिशीचे ४०,००० रुपये घेऊन सुभाषनगरात गेले आणि १५० जोडांची मागणी नोंदवून विसार देऊन आले. परत येताना रिक्षात मला आपण फार हुशार आहोत असे वाटत होते, हे आजही आठवते आणि आजही लाज वाटते.

खाते कसे उघडावे, फोटो कसे काढावेत, पार्सल कसे बांधावे हे या व्यवसायात नव्याने येणाऱ्यांना एव्हाना माहीत असते. त्यामुळे त्यावर मी वेळ घालवणार नाही. आठवड्याची विक्री लिहिताना मी जिथे फसले, तेवढ्याच जागेविषयी मला सविस्तर सांगायचे आहे, कारण तिथे माझ्या ओळखीतील निदान तिघी जणी माझ्यानंतरही फसल्या आहेत.

त्या ६४ ऑर्डरींचे पुढे काय झाले ते पाहा. त्यांतील ७ ग्राहकांनी माल निघण्यापूर्वीच रद्द केल्या. उरलेले ५७ जोड कुरिअरकडे गेले. त्यांतील १३ माल हाती आल्यावर पैसे देण्याच्या बोलीवरचे होते. ग्राहकाने फोन उचलला नाही किंवा दारात नकार दिला, म्हणून ते तसेच परत फिरले. ४४ जोड ग्राहकांच्या हाती पडले, पण त्यांतील ११ परत आले, बहुतेक माप बसत नाही म्हणून. माझी खरी विक्री ३३ जोडांची, म्हणजे ३१,३५० रुपयांची झाली. मालाची खरेदी १७,१६० वजा केली की १४,१९० उरतात. त्यातून पोर्टलचे कमिशन व वाहतूक जोडामागे १६० प्रमाणे ५,२८० गेले. परत आलेल्या ११ जोडांच्या वाहतुकीचे प्रत्येकी १५० प्रमाणे १,६५० गेले. ५७ खोकी, कागद व टेप यांचे जोडामागे २२ प्रमाणे १,२५४ गेले. हाती राहिले ६,००६. परत आलेल्या एकूण २४ जोडांपैकी ५ पावसात भिजून किंवा वापरून पुन्हा विकण्याजोगे राहिले नव्हते, त्यांचे २,६०० आणखी वजा केले की उरतात ३,४०६ रुपये. जीएसटी मी या हिशेबात धरलेला नाही, तो धरला असता तर आकडा आणखी आकसला असता. वहीत २७,५२० लिहिलेल्या आठवड्याने प्रत्यक्षात दिले ३,४०६, आणि ते मला कळायला गणपती उजाडले.

यातील तोट्यापेक्षा उशीर अधिक घातक आहे, हे मी मुद्दाम सांगते. माल आज जातो, पाच-सहा दिवसांनी पोहोचतो, परत करण्याची मुदत त्यानंतर सुरू होते, परतीचा माल घरी यायला आणखी आठ-दहा दिवस लागतात, आणि पोर्टल त्या परतीचे पैसे त्या वेळी चालू असलेल्या आठवड्याच्या देयकातून कापून घेते. त्यामुळे जुलैच्या दुसऱ्या आठवड्याची जखम ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात दिसली. बँकेत त्या आठवड्यात इतके कमी पैसे जमा झाले की, विक्री पडली असे समजून मी चपलेची किंमत ९५० वरून ८५० वर आणली. वास्तविक ऑगस्टमधील विक्री चांगली चालली होती. मी जुलैच्या परतीची शिक्षा ऑगस्टच्या किमतीला दिली. म्हणजे एकदा ऑर्डरीचा आकडा पाहून जास्त माल घेतला आणि एकदा बँकेचा आकडा पाहून भाव पाडला. दोन्ही आकडे खरे होते, पण दोन्हींपैकी एकही त्या आठवड्याचा नव्हता.

या घोटाळ्यातून मला बाहेर काढले ते माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी. त्यांनी शाहू मार्केट यार्डात एका गुळाच्या अडत दुकानात दिवाणजी म्हणून पुष्कळ वर्षे काम केले आहे. मोबाइलवर त्यांना फोन घेण्यापलीकडे काही येत नाही. मी पोर्टलचे देयकपत्रक छापून त्यांच्यापुढे ठेवले, तेव्हा चष्मा पुसत ते म्हणाले, “ही तर पट्टी हाय की!” शेतकऱ्याचा गूळ विकला की अडत्या त्याला पट्टी देतो, तिच्यात रवे (गुळाच्या ढेपा) किती, वजन किती, दर काय, हमाली व तोलाई किती गेली आणि हातात किती पडले हे एकाखाली एक लिहिलेले असते. आबांनी पुढे विचारले, “ह्यात कुठल्या मालाचं पैसं कुठल्या आठवड्याचं, ते कुठं लिवलंय?” ते कुठेच लिहिलेले नव्हते. पोर्टलची पट्टी तारखेप्रमाणे येते, मालाप्रमाणे लावून घ्यायचे काम आपले असते. त्याच बैठकीत त्यांनी मला कच्ची वही आणि पक्की वही हा फरक समजावून सांगितला, आणि माझी सध्याची पद्धत त्यातूनच उभी राहिली.

ती पद्धत अशी. प्रत्येक ऑर्डरीला गुगल शीटमध्ये एकच ओळ मिळते आणि ती ओळ माल ज्या आठवड्यात घराबाहेर पडला त्याच आठवड्याची राहते, पुढे तिचे काहीही होवो. ऑर्डर आल्याची तारीख मी फक्त माहितीसाठी लिहिते, कारण निघण्यापूर्वी रद्द होणाऱ्या ऑर्डरींना विक्रीत जागा देण्याचे कारण नाही. त्या ओळीत माल पोहोचल्याची तारीख, परतीची मुदत संपण्याची तारीख, परत आला असल्यास त्याचे कारण, आणि शेवटी पट्टीतून त्या ऑर्डरीपोटी प्रत्यक्ष मिळालेली किंवा कापली गेलेली रक्कम येते. एखादा जोड सहा आठवड्यांनी परत आला तरी मी वर जाऊन त्याच जुन्या ओळीत कपात लिहिते; चालू आठवड्याला हात लावत नाही. आठवड्यातील एक जरी ओळ उघडी असली, म्हणजे तिची शेवटची रक्कम ठरायची राहिली असली, तरी तो आठवडा कच्चा, आणि शेवटची ओळ बंद झाली की पक्का. कच्च्या आठवड्याचा आकडा पाहून मी फक्त खोकी आणि टेप आणते. किंमत बदलणे, कारागिराला मोठी मागणी देणे, नवा नमुना घेणे हे निर्णय पक्क्या आठवड्यांवरूनच होतात, तेही एकावरून नव्हे तर सलग चार आठवड्यांवरून.

हे वाचताना कंटाळवाणे वाटेल, याची मला कल्पना आहे. आठवड्याला ३० ते ४० जोड जात असतील तर या कामाला रविवारी संध्याकाळी साधारण दीड तास लागतो. पहिले चार-पाच आठवडे तुमच्याजवळ एकही पक्का आठवडा नसेल आणि तुम्ही अंधारात चाचपडत आहात असे वाटेल; तो काळ प्रत्येकाला काढावा लागतो, त्यात तुमचे काही चुकत नसते. मात्र त्या काळात कर्ज काढून किंवा दागिना ठेवून माल भरू नका. हे मी सौम्य शब्दांत सांगणार नाही: पक्का आठवडा हातात नसताना उधारीवर माल भरणारा माणूस व्यापार करत नसून जुगार खेळत असतो.

शिकवणीविषयीही दोन शब्द. सुरुवातीला मी ४,९९९ रुपये भरून एका हॉटेलच्या सभागृहात दिवसभराचे प्रशिक्षण घेतले होते. तिथे व्यासपीठावरून मोबाइलच्या पडद्यांचे फोटो दाखवले गेले, ‘एका दिवसात लाखाची विक्री’ असे त्यांवर लिहिलेले होते, आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. ते सगळे आकडे ऑर्डरींचे होते, हे आता मला समजते. परत आलेल्या मालाचा एकही फोटो कुणी दाखवला नाही. तुम्हाला कुणी मार्गदर्शक भेटला तर त्याला विक्री विचारू नका, परतीचे प्रमाण विचारा. उत्तर देताना तो क्षणभर थांबला तर माणूस ऐकण्याजोगा आहे. माल न पाहता केवळ व्हॉट्सॲपवर फोटो पुढे ढकलून विकण्याचा सोपा मार्गही मी सुरुवातीला धरला होता. २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेच्या पुराने शिरोलीजवळ महामार्ग बंद झाला, माझी नऊ पार्सले कुठे अडकली हे मला सांगता येईना, आणि माल माझ्या घरात कधी आलाच नसल्यामुळे ग्राहकांशी बोलायला माझ्याजवळ शब्दच नव्हते. तेव्हापासून जो जोड मी हातात धरून वाकवून पाहिलेला नाही तो विकत नाही.

ओळीत परतीचे कारण लिहिण्याचा मला सर्वांत मोठा फायदा झाला. माझ्या ११ परतींपैकी ८ मापाच्या होत्या. कातडी कोल्हापुरी चप्पल पहिल्या काही दिवसांत पायाला आवळते आणि मग पायाप्रमाणे सैल होते, हे इथल्या माणसाला सांगावे लागत नाही, पण इंदूर किंवा हैदराबादच्या ग्राहकाला ते सांगितल्याशिवाय कळत नाही. मी प्रत्येक नमुन्याच्या फोटोत फूटपट्टी ठेवली, तळव्याची लांबी सेंटीमीटरमध्ये दिली आणि पार्सलमध्ये मराठी व हिंदीतील एक चिठ्ठी घालू लागले. दोन जणांनी चप्पल करकर वाजते म्हणून परत केली होती! त्या आवाजासाठी आमच्याकडे लोक मुद्दाम जोड निवडून घेतात, हे त्या चिठ्ठीत आता पहिल्या ओळीत असते. पूर्वी पोहोचलेल्या चारांत एक जोड परत येत असे, आता साधारण दहांत एक येतो.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगते. कुरिअर प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचे वजन यांत जे जास्त असेल त्याचे पैसे लावते. आकारमानाचे वजन काढण्यासाठी खोक्याची लांबी, रुंदी व उंची सेंटीमीटरमध्ये गुणून त्याला सामान्यतः ५,००० ने भागतात. माझे जुने ३५ × २५ × १२ चे खोके ७०० ग्रॅमच्या चपलेला २.१ किलोचे करत होते. ३० × २० × ८ चे खोके घेतल्यावर ते ९६० ग्रॅमवर आले. पावसाळ्यात चपला प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नयेत, त्यांना बुरशी येते. कागदात गुंडाळून मांडणीवर मोकळ्या ठेवाव्यात. परत आलेले प्रत्येक पार्सल फोडताना व्हिडिओ काढावा, कारण मला एकदा कोल्हापुरीच्या जागी झिजलेली रबरी स्लीपर परत मिळाली आहे, आणि व्हिडिओ नसल्यामुळे माझा दावा फेटाळला गेला. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले असून ते कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट व विजापूर या आठ जिल्ह्यांपुरते आहे. तेव्हा भलतीकडचा रेक्झिनचा माल या नावाने विकण्याचा मोह टाळावा.

कराच्या बाबतीत एवढेच, की माल विकणाऱ्यासाठी नोंदणीची उलाढाल मर्यादा ४० लाख रुपये आहे हे ऐकून निर्धास्त राहू नका. नोंदणी नसलेल्या विक्रेत्याला १ ऑक्टोबर २०२३ पासून पोर्टलवरून विकता येते ते राज्यांतर्गतच. परराज्यात माल पाठवायचा म्हणून मला जीएसटी नोंदणी घ्यावी लागली. पोर्टल निव्वळ विक्रीवर जीएसटीपोटी अर्धा टक्का कापते, पूर्वी हा दर एक टक्का होता. ती रक्कम विवरणपत्राद्वारे आपल्या खात्यात परत मिळते, म्हणून ती खर्चात लिहू नका. मी वर्षभर ती तोटा म्हणून लिहीत होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या पादत्राणांवर जीएसटी ५ टक्के झाला आहे, तेव्हा जुन्या आठवड्यांशी तुलना करताना दर बदलल्याची खूण शीटमध्ये करून ठेवा.

ते १५० जोड अखेर डिसेंबरपर्यंत विकले गेले. उरलेले ३८,००० रुपये मी सुभाषनगरातील त्या कारागीर मामांना चार हप्त्यांत दिले, आणि त्यांनी एकदाही आवाज चढवला नाही, हे माझे नशीब. आता त्यांच्याकडे एका वेळी ४० पेक्षा जास्त जोडांची मागणी मी देत नाही. गेल्या रविवारी पाच आठवड्यांपूर्वीचा हिशेब मिटवायला बसले: ३६ जोड गेले होते, ३१ ग्राहकांकडे राहिले, ४ परत आले. छत्तिसावा जोड पोहोचल्याची नोंद आहे, पण त्याचे पैसे पट्टीत आलेले नाहीत. मी पोर्टलकडे तक्रार टाकली आहे, आणि आबांनी शेजारून वाकून पाहत त्या ओळीसमोर पेन्सिलीने फुली मारायला सांगितले. शीटमध्ये पेन्सिल चालत नाही, म्हणून मी तो चौकोन पिवळा करून ठेवला आहे.