एकच सायकल, कठड्यांसाठी आणि मातीच्या उड्यांसाठीही

स्ट्रीट ट्रायल्सला (पायऱ्या-कठड्यांवरची तोलाची कसरत) एक आणि डर्ट जंपिंगला (मातीच्या उंचवट्यांवरून उड्या) दुसरी, अशा दोन सायकली बाळगणं नागपुरात बहुतेकांना झेपत नाही. माझ्या मते त्याची गरजही नाही. एकाच सायकलवर दोन्ही नीट होतं, फक्त तडजोड कुठे करायची आणि कुठे अजिबात करायची नाही, हे आधी ठरवायला हवं. माझं सूत्र असं: सांगाडा म्हणजे फ्रेम डर्ट जंपची, ब्रेक आणि मागचं हब (चाकाचा मधला, फिरणारा भाग) ट्रायल्सच्या तोडीचं.

ट्रायल्समध्ये वेग जवळजवळ नसतो. मागच्या चाकावर तोल धरून, अर्धं पॅडल मारून पायरीवरून कठड्यावर उडी घ्यायची असते. २००९ साली स्कॉटिश ट्रायल्स सायकलपटू डॅनी मॅकॅस्किलचा एडिनबरामधला व्हिडिओ जगभर पाहिला गेला आणि हा प्रकार घराघरांत पोचला. डर्ट जंपला मात्र वेग, हवेतली स्थिरता आणि उतरताना धक्का झेलणारी चाकं लागतात.

फ्रेम

२६ इंची चाकांची डर्ट जंप हार्डटेल (मागे सस्पेन्शन नसलेली) फ्रेम घ्या. चेनस्टे (पॅडलच्या अक्षापासून मागच्या चाकापर्यंतची नळी) ३८० ते ३९० मिमीच्या आसपास असेल, तर मागच्या चाकावर उभं राहणं सोपं जातं. ट्रायल्सच्या सायकलीत बॉटम ब्रॅकेट (पॅडलचा अक्ष बसतो ती जागा) चाकांच्या अक्षापेक्षा वर असतो. त्यामुळे जागच्या जागी उड्या मारणं हलकं होतं, पण हवेत सायकल अस्थिर वाटते. बॉटम ब्रॅकेट अक्षाच्या जवळपास असलेली फ्रेम दोन्हीकडे चालते. २४ इंची चाकं कठड्यांवर मजेदार असतात, पण खडबडीत मातीत अडखळतात.

दुकानातली साधी गिअरवाली एमटीबी (माउंटन बाईक) या कामाला वापरू नका. तिची फ्रेम आणि चिमटा (पुढचं चाक धरणारा फोर्क) उड्यांसाठी बनवलेले नसतात. तुटतात तेव्हा ते सूचना देऊन तुटत नाहीत.

मागचं हब

पैसे खर्च करायचे तर इथे करा. पॅडल दाबल्यावर चाक किती लवकर पकड घेतं, यावर ट्रायल्सचं सगळं अवलंबून आहे. एका फेऱ्यात १८ ठिकाणी पकडणारं फ्रीव्हील २० अंशांपर्यंत रिकामं फिरू शकतं. १७० मिमी क्रँक (पॅडलचा दांडा) आणि मध्यम गिअर धरला, तर तुमचा पाय सव्वातीन सेंटीमीटर हवेतच जातो. ७२ पकडींच्या हबमध्ये हेच अंतर जेमतेम ८ मिमी असतं. गिअर जितका हलका, तितकी ही रिकामी चाल वाढते, हे खरेदी करताना सहसा कोणी सांगत नाही.

मी पहिल्या सायकलवर स्वस्त फ्रीव्हील ठेवलं होतं. मागच्या चाकावरून पायरीवर उडी घेताना त्याचं कुत्रं (आतली दात्यांत अडकणारी खिटी) सुटलं, पॅडल रिकामं खाली गेलं आणि छाती हँडल धरणाऱ्या स्टेमवर आदळली. त्यानंतर आठवडाभर श्वास घेताना दुखायचं. तेव्हापासून ७२ पेक्षा कमी पकडींचं हब मी कोणालाच सुचवत नाही.

गिअर आणि चेन

डर्ट जंपला पुढे २५ आणि मागे ११ दाते, म्हणजे सव्वादोनच्या वरचं गुणोत्तर छान चालतं. ट्रायल्सवाले १.३ ते १.६ मध्ये राहतात. मधला मार्ग १.८ च्या आसपास सापडतो: पुढे २५, मागे १४. पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण ३.७ मीटर पुढे जाते. त्यात मातीच्या उडीला वेग मिळतो आणि अर्ध्या पॅडलने कठडाही गाठता येतो. चेनव्हीलला बाहेरून बॅशगार्ड (दात्यांना वाचवणारी कडी) लावा, नाहीतर पहिल्याच कठड्यावर दाते वाकतील.

चेन मधोमध वरखाली केली तर एकूण १ सेंटीमीटर हलावी. त्याहून ढिली असली तर दाते चुकतात, फार ताणली तर हबचे छर्रे आणि बेअरिंग लवकर जातात. आडव्या खाचांच्या फ्रेममध्ये चेन ताणायला चाक मागे सरकवलं की डिस्क ब्रेकच्या कॅलिपरपासून (पॅड धरणारा भाग) सरकते, आणि दर वेळी कॅलिपर नव्याने जुळवावा लागतो. म्हणून चाकाबरोबर कॅलिपरही सरकेल अशी खाच असलेली फ्रेम शोधा.

ब्रेक

पुष्कळ डर्ट जंपर फक्त मागचा ब्रेक ठेवतात. आपल्याला दोन्ही हवेत, कारण पुढच्या चाकावरचे प्रकार पुढच्या ब्रेकशिवाय होतच नाहीत. हायड्रॉलिक डिस्क घ्या, पुढे १८० आणि मागे १६० मिमी. ट्रायल्समध्ये रिमवरचे हायड्रॉलिक ब्रेकही जबरदस्त धरतात, पण मातीत दोन-चार वाईट लँडिंगनंतर रिममध्ये आउट येतो (ती वाकडी होते) आणि पॅड घासू लागतात. नवे पॅड लावल्यावर मध्यम वेगातून वीसेक वेळा जोरात थांबवून ते बसवून घ्या. चेनला तेल देताना डिस्कवर कापड टाका. एक थेंब पडला तरी पॅड बाद होतात.

चिमटा, हँडल, सीट

१०० मिमी प्रवासाचा (तितका दबू शकणारा) डर्ट जंप सस्पेन्शन चिमटा घ्या आणि हवा इतकी भरा की उभं राहिल्यावर तो फक्त १० ते १५ टक्के दबेल. मऊ चिमट्यात तुमची उडी जिरून जाते. आतला स्पेसर बदलून प्रवास ८० मिमीवर आणता आला तर आणखी बरं, पण २० मिमी लांबी कमी झाली की हँडलच्या नळीचा कोन साधारण एका अंशाने उभा होतो हे लक्षात ठेवा. हँडल ७२० ते ७४० मिमी रुंद, स्टेम आखूड, सीट अगदी खाली. पॅडल पिनांचे सपाट घ्या.

हवा आणि नागपूरचा उन्हाळा

२.३ इंची, जवळजवळ गुळगुळीत टायर दोन्हीकडे चालतो. कठड्यांसाठी मागे ३५, पुढे ३० पीएसआयच्या (हवेच्या दाबाचं एकक) आसपास, मातीसाठी ४५. अंगाने जड असाल तर ५ वाढवा. सकाळी २५ अंशांत ४० भरलेली हवा मे महिन्यात ४५ अंशांच्या दुपारी ४४ च्या जवळ जाते, आणि तापलेल्या फरशीवर अजून वर. म्हणून खिशात गेज ठेवा आणि जागेवर पोचल्यावरच हवा जुळवा.

मातीचं सांगायचं तर आपली काळी माती उडीच्या उतरणीला अजिबात चालत नाही. पावसात ती फुगून चिकटते, उन्हात भेगाळते. आम्ही मित्राच्या प्लॉटवर खाली काळी माती ठोकून वर वीतभर मुरूम टाकतो आणि पाणी मारून धुम्मस करतो, म्हणजे ठोकून घट्ट बसवतो. पावसाळ्यात त्यावर ताडपत्री घालतो. जागा कोणाची आहे ते विचारूनच खोदा. कठड्यांचा सरावही रिकाम्या आवारात, परवानगीने करा. दीक्षाभूमी, झिरो माईलचा स्तंभ किंवा कस्तुरचंद पार्कमधली छत्री ही चाकं चढवायची जागा नव्हे.

पहिल्या आठवड्यात

पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर मागच्या चाकाचे स्पोक नक्की ढिले होतात. ओळखीच्या सायकलवाल्या भाऊंकडून आउट काढून घ्या आणि सगळ्या स्पोकांचा ताण सारखा करून घ्या. स्टेमचे बोल्ट ५ न्यूटन-मीटरच्या आसपास, पण त्यावर लिहिलेला आकडा आधी पाहा. क्रँक आणि मागच्या चाकाचे नट घरी येऊन पुन्हा पान्याने तपासा. वेल्डिंगच्या सांध्यांवरून ओलं फडकं फिरवा. रंगात केसाएवढी चीर दिसली, तर त्या फ्रेमवर पुढची उडी मारू नका.