उमेदवाराने माघार घेतली की अमेरिकन प्रायमरीचं गणित कसं मांडायचं

प्रायमरीचा, म्हणजे राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षाचा उमेदवार निवडायच्या मतदानाचा सीझन सुरू झाला की दर चार दिवसांनी बातमी येते, अमुक उमेदवार बाहेर, आणि लगेच सगळे त्याचे सर्व्हेतले टक्के उचलून दुसऱ्या कुणाच्या तरी खात्यात टाकून मोकळे होतात. तसं करू नका, त्याने हमखास चुकायला होतं.

आधी तारीख बघा. आपल्याकडे अर्ज मागे घ्यायचा शेवटचा दिवस असतो, तोवर बंडखोरांची मनधरणी चालते आणि नंतरच मशीनवर कुणाची नावं येणार ते पक्कं होतं. तिकडे मतदान राज्याराज्यांत जानेवारी-फेब्रुवारी ते जून चालतं आणि उमेदवार मधेच कधीही बाहेर पडतो, पण छापलेल्या बॅलटवर त्याचं नाव तसंच राहतं. त्यामुळे पहिला प्रश्न हा, की पुढच्या राज्यांत किती लोकांनी मत आधीच टाकलंय? २०२० मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचे पीट बुटिजेज १ मार्चला रविवारी रात्री बाहेर पडले (आपल्याकडे सोमवारची सकाळ) आणि मंगळवारी ३ मार्चला सुपर ट्युजडे, म्हणजे एका दिवसात १४ राज्यं. माझा मावसभाऊ कॅलिफोर्नियात असतो, त्याने आठवडाभर आधीच पोस्टाने बुटिजेजना मत पाठवून दिलं होतं, आता बदलता येईल का म्हणून फोनवर विचारत होता, आणि नाही बदलता येत, एकदा पाकीट गेलं की गेलं. बाहेर पडूनही एकट्या कॅलिफोर्नियात बुटिजेजना दोन लाखांहून जास्त मतं पडली.

मग १५ टक्क्यांची रेषा. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आणि नेमकी हीच लोक विसरतात. डेमोक्रॅटिक पक्षात डेलिगेट (पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार ठरवणारे प्रतिनिधी) मतांच्या प्रमाणात मिळतात, पण १५ टक्क्यांच्या खाली राहिलात तर शून्य. कागद घ्या आणि मांडून बघा: समजा एका राज्यात १०० डेलिगेट आहेत. अ ला ३२ टक्के, ब ला १८, क ला १४, ड ला १३, इ ला १२, उरलेले किरकोळ. रेषा फक्त अ आणि ब नी ओलांडली, म्हणून अ ला ६४ डेलिगेट आणि ब ला ३६. आता ड आणि इ ने माघार घेतली, त्यांच्या २५ टक्क्यांतले १३ ब कडे गेले, ७ अ कडे, ५ क कडे. अ झाला ३९, ब ३१, क १९. तिघंही रेषेच्या वर, आणि वाटणी होते ४४, ३५, २१. म्हणजे अ ची मतं वाढली आणि डेलिगेट वीसने कमी झाले! हे एकदा हाताने केलंत की टीव्हीवरची चर्चा वेगळी ऐकू येते. (खरं तर हा हिशोब पूर्ण राज्याचा वेगळा आणि अमेरिकी संसदेच्या प्रत्येक मतदारसंघाचा वेगळा होतो, पण तत्त्व तेच.)

२०२० च्या त्याच डेमोक्रॅटिक शर्यतीत बर्नी सँडर्स यांच्या बाबतीत हेच झालं. विरोधातली मतं पाच-सहा जणांत विभागलेली होती तोवर ते पुढे होते. २९ फेब्रुवारीला बायडेन यांनी साउथ कॅरोलिना मोठ्या फरकाने जिंकलं, दुसऱ्या दिवशी बुटिजेज बाहेर, तिसऱ्या दिवशी मिनेसोटाच्या सिनेटर एमी क्लोबुशार बाहेर, आणि त्याच संध्याकाळी दोघांनी डॅलसमध्ये बायडेन यांना पाठिंबा दिला. मंगळवारी १४ पैकी १० राज्यं बायडेनची, त्यात क्लोबुशार यांचं मिनेसोटा पण, जे त्या बाहेर पडल्या नसत्या तर बायडेनना मिळणं अवघडच होतं.

यातून एक लक्षात ठेवा, नुसती माघार वेगळी आणि माघार घेऊन त्याच दिवशी पाठिंबा देणं वेगळं. एलिझाबेथ वॉरन ५ मार्चला बाहेर पडल्या पण तेव्हा त्यांनी कुणालाच पाठिंबा दिला नाही, त्यामुळे सँडर्सना हवा होता तो जोर मिळाला नाही.

दुसरी पसंती गृहीत धरू नका, सर्व्हेत शोधा, हा प्रश्न बहुतेक वेळा विचारलेला असतो. २०२४ मध्ये रिपब्लिकन शर्यतीतून डिसँटिस २१ जानेवारीला बाहेर पडले, न्यू हॅम्पशायरच्या दोन दिवस आधी, आणि बरेच जण म्हणाले आता ट्रम्प आणि निकी हेली अशी समोरासमोर लढत, म्हणजे हेली यांना फायदा. पण डिसँटिस यांच्या मतदारांची दुसरी पसंती बहुतेक ट्रम्पच होते, त्यांनी स्वतः पाठिंबाही ट्रम्पनाच दिला, आणि निकाल ५४ विरुद्ध ४३ असा ट्रम्पच्या बाजूने लागला. शिवाय रिपब्लिकन पक्षात बऱ्याच राज्यांत जिंकणाऱ्याला सगळे डेलिगेट मिळतात, म्हणून वरचं १५ टक्क्यांचं गणित तिथे जसंच्या तसं लावू नका.

शब्द पण नीट वाचा. उमेदवार सहसा ‘मोहीम स्थगित’ म्हणतो, कारण कर्ज फेडायला देणग्या घेत राहायच्या असतात आणि मिळवलेले डेलिगेट लगेच सोडायचे नसतात. सँडर्स ८ एप्रिल २०२० ला थांबले, पण पुढच्या राज्यांत बॅलटवर राहिले, पक्षाच्या जाहीरनाम्यात आपलं म्हणणं यावं म्हणून. हेली ६ मार्च २०२४ ला थांबल्या आणि तरी एप्रिलमध्ये पेनसिल्व्हेनियात त्यांना दीड लाखाहून जास्त मतं पडली. अशी मतं फुकट गेली म्हणून सोडून देऊ नका, जिंकलेल्या उमेदवारावर किती लोक नाराज आहेत ते तिथेच मोजून मिळतं.

आणि तिकडच्या आपल्या माणसांसाठी, ज्यांचं मत पोस्टाने जातं त्यांनी शर्यत भरलेली असेल तर पाकीट लवकर टाकायची घाई करू नका. कॅलिफोर्नियात मतदानाच्या दिवसाचा पोस्टाचा शिक्का चालतो, पण तुमच्या राज्याचा नियम आधी बघून घ्या, काही ठिकाणी पाकीट त्या दिवशी पोचलेलंच लागतं.