एकाच जॅकवर पाचही टायर फिरवा

फोर बाय फोरचे (चारही चाकांना इंजिनची ताकद मिळणाऱ्या गाडीचे) टायर घरी फिरवायचे, म्हणजे त्यांच्या जागा आपसांत बदलायच्या म्हटले की अडचण एकच: चाक काढले की गाडी टेकवायची कशावर? ही अडचण स्टेपनी सोडवते. ती इतर चार चाकांच्या मापाची असेल, तर एका वेळी एकच चाक उचलावे लागते.

१. स्टेपनीत हवा बरोबर भरून घ्या. ती मागे उजवीकडे बसवा.
२. तिथून निघालेले चाक पुढे उजवीकडे.
३. पुढचे उजवे मागे डावीकडे.
४. मागचे डावे पुढे डावीकडे. तिथले निघालेले चाक झाली नवी स्टेपनी.

नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करा, बसवताना समोरासमोरचे आवळा, आणि शेवटचा ताण चाक खाली टेकल्यावरच द्या. ८०-१०० किलोमीटर चालवल्यावर पुन्हा एकदा पाना फिरवाच, कारण नट थोडे सैल पडतात. टायरच्या कडेवर फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असेल, तर हा क्रम चालत नाही; ते टायर त्याच बाजूला पुढे-मागे करायचे.

हँडब्रेकवर मात्र विसंबू नका. बहुतेक गाड्यांत तो फक्त मागच्या चाकांना धरतो. त्यातले एक उचलले की गाडी सरकू शकते. म्हणून सपाट, टणक जागा निवडा, उचललेल्या चाकाच्या तिरप्या समोरच्या चाकाला पुढून-मागून उटी (चाक सरकू नये म्हणूनची पाचर) लावा आणि गाडीखाली अजिबात शिरू नका.