पशुवैद्यकांच्या परिषदेत स्टॉल लावताय? आधी एवढी तयारी करा

परिषद शिरवळच्या कॉलेजात असो, उदगीरला असो की परभणीला, स्टॉलची जागा नक्की झाली की आपली, म्हणजे जनावरांच्या औषधांच्या घाऊक विक्रीतली, माणसं आधी फ्लेक्स आणि भेटवस्तूंच्या मागे लागतात. माझं सांगणं आहे, सुरुवात औषधांच्या यादीपासून करा. समोर येणारा डॉक्टर दवाखान्याचं काम दिवसभरासाठी दुसऱ्यावर सोपवून आलेला असतो. डायरी-पेन त्याला कुठेही मिळतं. मात्रा किती, दूध किती दिवस थांबवायचं, माल कधी पोचणार, याची खात्रीची उत्तरं त्याला तुमच्याकडून हवी असतात.

म्हणून यादी घेऊन बसा आणि बंदी आलेली औषधं आधी छाटा. जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकावर २००६ पासून बंदी आहे, २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि असेक्लोफिनॅकवरही आली. कारण एकच, गिधाडं. उपचार केलेलं जनावर दगावलं आणि गिधाडांनी ते खाल्लं तर त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. रायगड, गडचिरोलीत गिधाडं अजून तग धरून आहेत, त्यामुळे हा विषय आपल्यापासून लांबचा नाही. पर्याय विचारला तर मेलॉक्सिकॅमचं नाव तुमच्या माणसाला न अडखळता सांगता आलं पाहिजे. दूध, अंडी, मांस देणाऱ्या जनावरांसाठी आणि कोंबड्यांसाठी कोलिस्टिन हे अँटिबायोटिकही २०१९ पासून बंद आहे. जुन्या कॅटलॉगचे गठ्ठे उरले असतील तर रद्दीत घाला, स्टॉलवर नेऊ नका.

याच यादीला विथड्रॉवल पिरियडचा रकाना जोडा. इंजेक्शननंतर किती दिवस दूध डेअरीला घालायचं नाही, हे शेतकरी डॉक्टरलाच विचारतो. ज्या औषधाचा हा कालावधी वेगळा ठरवलेला नाही, त्याला दूध-अंड्यांसाठी किमान ७ दिवस आणि मांसासाठी २८ दिवस धरावेत, असं औषध नियमांत आहे. हा तक्ता एका पानावर, मोठ्या अक्षरांत, मराठीत छापा. डॉक्टर तो दवाखान्याच्या भिंतीला लावतील, आणि माझ्या मते सगळ्या भेटवस्तूंपेक्षा हे पान जास्त कामाचं आहे.

परवान्याची आणि जीएसटीची झेरॉक्स फायलीत ठेवा. घाऊक औषधविक्रीचा २०-ब, २१-ब परवाना ठरावीक जागेपुरता असतो, त्यामुळे स्टॉलवर औषध विकायचं नाही. ऑर्डर लिहून घ्यायची, माल बिलासकट गोदामातूनच जाऊ द्यायचा.

आता लसी. इथे घाई करू नका. मांडणीसाठी रिकाम्या बाटल्या न्या, चांगली लस दिवसभर टेबलावर ठेवून खराब करू नका. पण व्हॅक्सिन कॅरियर, आईस पॅक आणि थर्मामीटर मात्र जरूर न्या, कारण तुमचा माल गाडीत कसा राहतो हे दाखवायची हीच जागा आहे. लाळ-खुरकूत किंवा घटसर्पाची लस २ ते ८ अंशांत राहावी लागते. उन्हाची भीती सगळ्यांना असते, गोठण्याची फारशी कुणाला नसते, आणि या लसी गोठल्या की वाया जातात. फ्रीझरमधून काढलेला आईस पॅक लगेच कॅरियरमध्ये घालायचा नाही. बाहेर ठेवायचा, वरचा पांढरा थर जाऊन त्याला घाम सुटू द्यायचा, मग कानाशी धरून हलवायचा. आत पाणी खळखळलं की तो तयार. हे करून दाखवा आणि डॉक्टरांच्या हातात पॅक द्या. २०२२ च्या लम्पीच्या साथीत शेळ्यांच्या देवीची लस गावोगावी पोचवताना शीतसाखळी सांभाळणं म्हणजे काय, हे या मंडळींनी अनुभवलंय. त्यांना बारकावे विचारायचे असतात, तेव्हा मध्येच दुसऱ्या उत्पादनाकडे वळू नका.

कृत्रिम रेतनाचं साहित्य असेल तर वीर्य गोठवून ठेवायचा द्रव नायट्रोजनचा कॅन बंद गाडीतून नेऊ नका. वाफेने गाडीतला प्राणवायू कमी होतो आणि माणूस गुदमरू शकतो. काचा उघड्या ठेवा, हॉलमध्ये रिकामा कॅनच मांडा.

दगडीची, म्हणजे कासदाहाची तपासणी दाखवणार असाल तर सकाळचं ताजं दूध लागेल. जवळच्या गोठ्यात आदल्या दिवशीच बोलून ठेवा, चारही सडांचं दूध वेगवेगळ्या स्वच्छ बाटल्यांत घ्या. पॅडलच्या, म्हणजे तपासणीच्या ताटलीच्या, चार वाट्यांत दूध आणि तेवढंच किटमधलं द्रावण घालून गोल फिरवलं की दोष असलेल्या सडाचं दूध घट्ट, चिकट होतं. ते डोळ्यांनी पाहिल्यावर किटची माहिती वेगळी सांगावी लागत नाही.

एक्स्टेन्शन बोर्ड, सेलोटेप, कात्री, पिण्याचं पाणी आणि दोन पावती पुस्तकं आदल्या रात्रीच गाडीत टाका.

स्टॉलवर एक तरी माणूस असा ठेवा ज्याला मात्रा पाठ आहे आणि जो माहीत नसलेल्या प्रश्नाला “विचारून कळवतो” असं सरळ म्हणतो. व्याख्यान सुरू असताना दाराशी उभं राहून कुणाला ओढू नका. गर्दी चहाला आणि जेवणाच्या सुट्टीत होते, त्या वेळी तुमच्यापैकी कुणीही जेवायला जायचं नाही. पशुधन पर्यवेक्षक आले तर त्यांनाही खुर्ची द्या, गोठ्यात रोजचा वावर त्यांचाच असतो.

वहीत नाव, तालुका, विचारलेला प्रश्न आणि कबूल केलेली तारीख लिहा. परतल्यावर आधी त्या प्रश्नांची उत्तरं फोनवर द्या, ऑर्डरचं नंतर विचारा.