कूलरच्या पंपावर साचलेला पांढरा थर
बोअरचं जड पाणी उडून जातं, पण त्यातले क्षार मागे राहतात. पंपाच्या जाळीवर आणि वरच्या नळीच्या छिद्रांत त्यांचा खरखरीत थर बसला, की ताटी अर्धी कोरडी राहते नि कूलर गरम हवा फेकतो.

आधी प्लग काढा. 1 लिटर कोमट पाण्यात 2 मोठे चमचे लिंबूसत्त्व विरघळवून जाळी आणि पंपाचं पातं तासभर बुडवा, मग जुन्या ब्रशने घासा. नळीची छिद्रं सुईने मोकळी करा. फरशीचं अ‍ॅसिड पत्र्याच्या टाकीत मुळीच ओतू नका. जस्ताचा मुलामा जाऊन तळ गंजतो.

नुसतं वरून पाणी भरत राहिल्यास क्षार वाढतच जातात, म्हणून आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी कराच. ते पाणी अंगणात शिंपडा, तुळशीला घालू नका.